लपायचं कापड

अंबरनाथ, २२ जुलै १९५४

या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही, म्हणून आजपासून वहीशी बोलायचं ठरवलं आहे. वही मध्येच उठून दूध उतू जातंय असं म्हणत नाही.

मुंबईत नन्सच्या शाळेत एकतीस वर्षं मुलींना चित्रकला आणि शिवणकाम शिकवून मी मे महिन्यात निवृत्त झाले. गिरगावातली खोली सोडली आणि भावाचा मुलगा गुरुदत्त मला इथे आपल्या सरकारी क्वार्टर्समध्ये घेऊन आला. मुलगा गुणी आहे. आईबाप लवकर गेले, मीच वाढवला, तेव्हा गुणी असणं त्याला भागच होतं. त्याची बायको कुंदा सदा हसत असते. कशाला हसते ते मात्र कळत नाही.

गुरुदत्त नेमकं काय काम करतो ते आज समजलं. जंगलात लढताना सैनिक शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांच्या कपड्यांवर कसले रंग आणि कसले आकार छापावेत, हे ठरवायला सरकारने इथे एका पत्र्याच्या शेडमध्ये विभाग उघडला आहे. चार माणसं, दोन टेबलं, एक स्टोव्ह. सगळे तात्पुरते, बहुधा स्टोव्हसुद्धा. एकतीस मार्चपर्यंत कपड्याचा नमुना चाचणीत उतरला तर विभाग कायम, गुरुदत्तची नोकरी कायम आणि हे घरही. नाही उतरला तर शेडला कुलूप आणि आमची ट्रंका बांधायची तयारी.

जेवताना त्याने आपला नमुना दाखवला. मातकट, करडी, राखाडी अशी वेडीवाकडी डबकी आणि मधून काळ्या रेघा.

"हे काय आहे?"

"जंगल, आत्या."

"सारवलेल्या भिंतीला ओल आली की असं दिसतं. यात पान कुठे आहे?"

"पान दाखवायचं नसतं गं. माणसाचा आकार मोडायचा असतो. खांदा कुठे संपला, झाड कुठे सुरू झालं, ते कळता कामा नये."

"पाचवीतल्या मुलीने हे काढून आणलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर उभी केली असती."

"एप्रिलमध्ये जंगलात बसून काढलंय मी."

"तरीच. उन्हाने डोळे दिपले असतील."

कुंदा हसली.

२५ जुलै, रविवार

मी हट्टच धरला, तेव्हा गुरुदत्त मला जंगल दाखवायला घेऊन गेला. बदलापूरपर्यंत गाडीने आणि तिथून बारवी नदीच्या अंगाला बैलगाडीने. गाडीवान सारखा माझ्या रबरी बुटांकडे बघत होता. बघू दे.

आणि काय ते जंगल! सागाचं एकेक पान पत्रावळीएवढं. कारवी माणसाच्या डोक्यावरून गेलेली. दगडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आणखी कसलेसे वेल. मी हिरवे रंग मोजले, अकरा भरले. गुरुदत्तचा नमुना मी एका झाडाला टेकवून ठेवला आणि वीस पावलं मागे आले. केळीच्या बागेत कोणी पोतं विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

"आता बोल," मी म्हणाले.

"आत्ता दिसतंय," तो म्हणाला. मान्य तरी केलं.

दर मंगळवारी आमच्या मागच्या दारी रानभाजी विकायला येणारी विठा इथल्याच पाड्यावरची. मी छत्रीखाली बसून पानं काढत होते, तर ती शेजारी येऊन उकिडवी बसली.

"बाय, काय काडतंस?"

"पानं."

"ही सगली? शिमग्यापातूर तं यातला एक पन ऱ्हायाचा नाय."

मी तिला सांगितलं की माझा हात इतका संथ नाही, शिमगा कशाला, दिवाळीच्या आतच सगळं आटपेन. तिने माझ्याकडे बघितलं, तोंडातली मशेरी थुंकली आणि निघून गेली. या लोकांना चिकाटी म्हणजे काय ते माहीत नाही.

८ ऑगस्ट

नमुना पूर्ण झाला. दोन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. सागाच्या पानाच्या शिरा, कारवीचे दाते, नेच्याची गुंडाळलेली टोकं, सगळं जसं आहे तसं. पान बघून झाड ओळखता आलं पाहिजे, नाहीतर चित्रकला कशाला म्हणायची?

कुंदा म्हणाली, "आत्याबाई, याचे पडदे फार छान होतील." मी लक्ष दिलं नाही.

गुरुदत्त बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सुंदर आहे. अगदी सुंदर आहे." सुंदर म्हणताना माणूस इतका दुःखी का दिसावा?

तेवढ्यात त्यांचे विभागप्रमुख विष्णुपंत चहाला आले. गोल गृहस्थ, बोलताना पोट आधी पुढे येतं आणि मग वाक्य. टेबलावरचा कागद बघून ते खुर्चीतून उठले.

"वा! गुरुदत्त, याला म्हणतात जंगल. तुमच्या त्या चिखलात मला चार महिने काही दिसलं नव्हतं."

"साहेब, ते न दिसण्यासाठीच..."

"हेच ठेवा समितीपुढे."

"हे आत्याने काढलंय. आणि हे पावसाळ्यातलं आहे, साहेब. मी एप्रिलमध्ये..."

"एप्रिल, एप्रिल काय करता? सैनिक बारा महिने लढतो."

मी विचारलं, कागदावर माझं नाव कुठे लिहिणार? विष्णुपंत हसले. "बाई, तुम्ही खात्यातल्या नाही. बाहेरच्या माणसाचं नाव फाइलवर कसं चढवणार? घरातलंच आहे, गुरुदत्तच्या नावाने जाऊ दे."

म्हणजे एकतीस वर्षांची विद्या माझी आणि सही पुतण्याची. मी त्यांच्या चहात साखर घालायची विसरले, मुद्दाम.

२१ ऑगस्ट

समितीने नमुना एकमताने मंजूर केला. गुरुदत्तने सगळी हकिगत सांगितली आणि मी ती दोनदा ऐकली.

पाच साहेब होते. शेडच्या खिडकीबाहेर गवत कमरेइतकं वाढलं आहे. त्या खिडकीत माझा कागद धरला. एकाने जंगल म्हणून ओळखलं, बाकीच्या चौघांनीही ओळखलं. एकाचं म्हणणं, रानात फुलंही असतात, तेव्हा थोडा पिवळा घालावा. दुसऱ्याने विचारलं, धुतल्यावर रंग जाईल का? तिसरा फक्त जेवण कुठे आहे ते विचारत होता. गुरुदत्तने पुन्हा एप्रिलचं काढलं, तेव्हा विष्णुपंतांनी ते लेखी द्यायला सांगितलं. त्याने लेखी दिलं. त्या कागदावर नंतर चहाच्या कपबश्या ठेवल्या.

सोनकीची बारीक पिवळी फुलं घालायला मी तयार झाले. पाच पुरुषांत एकाला तरी फुलं दिसली हेच पुष्कळ.

रात्रीच्या जेवणाला मला भूक लागली होती. गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा.

७ सप्टेंबर

चाचणीसाठी बारा गणवेशांचं कापड छापायचं काम उल्हासनगरच्या होतचंदला मिळालं आहे. छपाई बिघडू नये म्हणून मी गुरुदत्तबरोबर गेले.

लढाईत जिथे पलटणी राहत होत्या त्याच बराकींत आता सिंधहून आलेली कुटुंबं राहतात. एका बराकीत दहा संसार, मध्ये गोणपाटाच्या भिंती, आणि तरी प्रत्येकाच्या दारात काही ना काही विकायला मांडलेलं. होतचंदने आपल्या बराकीत रंगाची पिंपं आणि लांब टेबलं मांडली आहेत. तिकडे सक्कर शहरात त्याचं कापडाचं मोठं दुकान होतं म्हणे. माणूस स्वच्छ, हात कोपरापर्यंत हिरवे.

"आओ मास्तरीण बाई. माल देखो, एकदम फर्स्ट क्लास. पानाला पान मिळालं पाहिजे, ते मीच कारीगरला बोललो."

खरोखरच सागाचं पान दर नऊ इंचांवर, अगदी एका रेषेत. असा हात हल्ली बघायला मिळत नाही. गुरुदत्त मात्र तोंड पाडून म्हणाला, "होतचंद, जरा वाकडंतिकडं नाही का करता येणार?"

"वाकडा?" होतचंदला लागलं. "साहब, माझ्या बापाने पण कधी वाकडा छापला नाही."

मी त्याची बाजू घेतली. मग त्याने विचारलं, "बाई, ये है किसके लिए?"

"लपायला."

तो जोरात हसला. "लपायला इतना अच्छा कपडा? लोग तर दिसायला कपडा घेतात." मग कापडावरून हात फिरवत म्हणाला, "आम्ही निकललो ना घरातून, तेव्हा माझ्या बायकोच्या अंगावर लाल रंगाचा जोडा होता, सलवार-कुर्ता. लग्नातला. दुसरा घ्यायला वेळ नव्हता. दूर से दिसत होती."

मी धाग्यांची वीण तपासत राहिले.

परत येताना शेजारच्या बराकीतल्या दोन बायका कापड बघायला आल्या आणि भाव विचारू लागल्या. माझा नमुना लोकांना आवडतो, हे सिद्धच आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज एक शंका मनात घेऊन उठले, आणि ती इथे प्रामाणिकपणे लिहिते.

गुरुदत्त सारखा एप्रिल एप्रिल करतो. एकदा ओझरतं म्हणालाही, "आत्या, पानं झडतात." आता पानगळ मला कोणी शिकवायची गरज नाही. मी एकतीस वर्षं मुलींकडून ती काढून घेतली आहे. ऑक्टोबर आला की वर्गात पिवळा, नारिंगी आणि तपकिरी रंग बाहेर काढायचे, आणि सिस्टरच्या इंग्रजी चित्रवहीतली झाडं समोर ठेवायची. पानं ऑक्टोबरात झडतात. नोव्हेंबरात फांद्या उघड्या.

म्हणून आज मुद्दाम बदलापूरला जाऊन आले, एकटीच. एकही पान झडलेलं नाही! साग हिरवा, ऐनाचं झाड हिरवं, कारवी हिरवी. पानगळीचा ऋतू अर्धा संपला आणि झाडं जशीच्या तशी. तेव्हा इकडच्या झाडांची पानं झडत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघून आले.

घरी येऊन गुरुदत्तला सांगितलं. त्याने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. हार मानली.

३ डिसेंबर

फाइल पुण्यात आहे.

११ जानेवारी १९५५

फाइल दिल्लीत आहे. तिथले साहेब रजेवर आहेत. त्यांचे खालचे साहेब आहेत, पण त्यांना किल्ली कुठे आहे ते माहीत नाही.

९ फेब्रुवारी

फाइल सापडली. दिल्लीचे साहेब स्वतः चाचणीला येणार आहेत. तारीख मार्चमध्ये. गुरुदत्तने विष्णुपंतांना आणखी एक पत्र दिलं, चाचणी पावसाळ्यात घ्यावी म्हणून. विष्णुपंतांनी विचारलं, "एकतीस मार्चनंतर तुमचा पगार कोण देणार? पावसाळा?"

क्वार्टर्सच्या मागचा साग पार उघडा पडला आहे. माळी आळशी आहे, पाणी घालत नाही. मी त्याला चांगलं खडसावलं. "बाई, सागाला कोण पानी घालतो?" असं उलट विचारतो. ही उत्तरं द्यायची यांना कोण शिकवतं?

२ मार्च

रेल्वेच्या पलीकडची झाडंही वाळत चालली आहेत. कीड असणार. वनखात्याला पत्र लिहिलं: आपल्या डोळ्यांदेखत एवढं जंगल मरतं आहे आणि आपण काय करता? उत्तर आलं तर नवल.

२४ मार्च, गुरुवार

चाचणीला बायकांना बोलावलं नव्हतं. साहेबांसाठी कुंदाने पोहे केले होते. ते डबे पोचवायला म्हणून मी विभागाच्या ट्रकमध्ये बसले. मला नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

जुलैत जिथे बसून मी पानं काढली तीच जागा. मी आधी ओळखलीच नाही. गुरुदत्तला म्हटलं, रस्ता चुकलास. तो म्हणाला, "नाही गं."

पान नव्हतं. सगळा डोंगर उघडा, राखेच्या रंगाचा. खाली वाळक्या पानांचा गुडघाभर थर, मधून लाल माती, कारवीच्या नुसत्या काटक्या. टेकडीपर्यंत आरपार दिसत होतं. गुरुदत्तने मागच्या वर्षी काढलेली सगळी डबकी तिथे होती, एकूण एक. मातकट, करडी, राखाडी. मधून काळ्या रेघा. फांद्यांच्या सावल्या होत्या त्या.

आणि त्यात माझे बारा जवान.

दिल्लीचे साहेब जीपमधून खाली उतरले नाहीत. दुर्बीण गळ्यात होती, ती त्यांनी डोळ्यांना लावली नाही. बोटानेच मोजलं. "एक. दोन. तो झाडामागचा तीन. विष्णुपंत, तो चौथा फुलं घालून बसलाय का?" बारा होईपर्यंत विष्णुपंतांचा चहासुद्धा निवला नव्हता. बिचारे जवान सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून स्तब्ध उभे, अंगभर हिरवी पानं नऊ-नऊ इंचांवर, सोनकीची फुलं उन्हात चमकत होती. वाळलेल्या शेतात पोपट बसावेत तसे.

तेवढ्यात जीपपासून चार हातांवर जमीन हलली. साहेब दचकले. विठा होती. मळकं, विटलेलं लुगडं नेसून मोहाची फुलं वेचत सकाळपासून तिथेच बसली होती. इतक्या माणसांत ती कोणाला दिसली नव्हती.

"यांना कोणी नेमलंय का?" साहेबांनी विचारलं. मग गाडीच्या टपावर बोट आपटत म्हणाले, "डिझाइन कोणाचं?"

विष्णुपंत माझ्याकडे बघत नव्हते. गुरुदत्त पुढे झाला. "माझं, सर."

मी तीन पावलांवर पोह्यांचा डबा घेऊन उभी होते.

२५ मार्च

मी बोलले नाही.

ऑगस्टमध्ये कागदावर नाव नाही म्हणून मी दोन दिवस विष्णुपंतांच्या नावाने बोटं मोडली. काल नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. वर्गात एखादी मुलगी अशी गप्प राहिली असती तर मी तिला काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

कुंदाने माळ्यावरून ट्रंका काढल्या. आज ती हसली नाही.

२८ मार्च

सकाळी एकटीच शेडवर गेले. विष्णुपंत स्टोव्हपाशी बसून बशीत चहा ओतत होते.

"नमुना माझा होता. तसं लिहा आणि गुरुदत्तला सोडा."

"वृंदाबाई, असं कसं लिहू? समितीने बघून मंजूर केला. समितीत मीही होतो. समिती चुकली असं लिहायचं?"

"हो."

"ते शक्य नाही." त्यांनी बशी संपवली. मग छताकडे बघत म्हणाले, "पण समजा, समितीपुढे खरा नमुना आलाच नाही. समजा, कोणीतरी घरच्या घरी कागद बदलला. मग मूळ नमुन्याची चाचणी व्हायचीच आहे, आणि त्यासाठी मुदत मागता येते."

"कोणी बदलला?"

"घरात एखादं वयस्क माणूस असतं. दिसत कमी असतं. आठवण राहत नाही. कोणाला दोष देणार?"

मी समजले. मग त्यांनी टाइपरायटर ओढला आणि इंग्रजीतून पत्र बडवलं. मी, वृंदा, वय सत्तावन्न, दृष्टी आणि स्मरणशक्ती दोन्ही क्षीण झालेली बाई. पुतण्याच्या पिशवीतला नमुना काढून मी गंमत म्हणून त्या जागी माझं चित्र ठेवलं, हे त्याला किंवा समितीला कोणालाही कळलं नाही. म्हणजे पाच साहेब, एक विभागप्रमुख आणि माझा पुतण्या यांना जे कळलं नाही ते एका आंधळ्या म्हातारीने केलं. हे मात्र दिल्लीला पटेल, अशी त्यांची खात्री होती.

मी पत्र वाचलं. व्याकरणाच्या तीन चुका होत्या. त्या लाल शाईने दुरुस्त केल्या.

"डोळे क्षीण म्हणता, आणि स्वल्पविराम बरोबर दिसतो?"

"क्षीण तुम्ही म्हणालात. आणि 'गंमत म्हणून' चालणार नाही. तिथे 'अज्ञानाने' लिहा."

"का?"

"अख्ख्या पत्रात एक शब्द तरी खरा असू दे."

त्यांनी पुन्हा टाइप केलं. मी सही केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर करायचे तशीच, खाली रेघ मारून.

६ एप्रिल

मुदत मिळाली. मूळ नमुन्याची चाचणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात. विष्णुपंत सगळ्यांना सांगत फिरतात की मातकट रंगाच्या बाजूने ते पहिल्यापासून होते.

गुरुदत्तने आज ऑफिसात माझं पत्र वाचलं. घरी आला तो चपलांसकट स्वयंपाकघरात.

"खोटं लिहून दिलंस? तू?"

"व्याकरण शुद्ध होतं."

"आत्या, ते कागद कायम राहतात. पन्नास वर्षांनी कोणी फाइल उघडली तरी तू वेडी म्हातारीच राहशील."

"पन्नास वर्षांनी फाइल उघडायला त्यांना किल्ली सापडली पाहिजे." मग मीच विचारलं, "तुला सगळं माहीत होतं. मला गप्प का नाही केलंस?"

"विष्णुपंतांना पसंत पडल्यावर माझं काय चालणार होतं?" तो पाटावर बसला. "आणि तू जेवायला लागली होतीस. जून-जुलैत ताटातलं अर्धं टाकायचीस. कुंदाने मला मोजून दाखवलं होतं."

मी त्याला म्हटलं, चपला बाहेर काढ, स्वयंपाकघर आहे हे. दुसरं काय म्हणणार?

२४ एप्रिल, रविवार

साहेबांच्या आधी आपणच बघून घ्यावं म्हणून गुरुदत्त मला जंगलात घेऊन गेला. कुंदाने त्याच्या नमुन्याचा एक गणवेश घरीच शिवला आहे. बाह्या मी उसवून पुन्हा बसवल्या. या वेळी होतचंदनेही वाकडं छापलं. फार वाईट वाटत होतं त्याला, पण छापलं.

गुरुदत्तने ते कपडे चढवले, तोंडाला राख फासली आणि म्हणाला, "तू डोळे मीट. शंभर मोज. मग शोध."

मी मोजले. डोळे उघडले. उन्हात सगळं एकसारखं, करडं. मला आधी गंमतच वाटली. एकतीस वर्षं मागच्या बाकावरची चिठ्ठी मी फळ्याकडे तोंड करून पकडली आहे. म्हटलं, गुरू, डाव्या हाताला आहेस, पाय दिसतोय. ते लाकूड निघालं. म्हटलं, दगडामागे आहेस. दगडामागे दगडच होता. वाळक्या पानांवर माझ्याच पावलांचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नाही. मी थांबले की सगळं थांबायचं.

मग मी हाक मारली, "पुरे झालं, ये बाहेर." उत्तर नाही. सांगितलं होतं ना त्याने, हाक मारलीस तरी ओ देणार नाही म्हणून. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला आवाज माझा मलाच ओळखू येईना. तो चार वर्षांचा असताना चौपाटीवर गर्दीत हरवला होता, तेव्हा असा निघाला होता.

आणि तिथे उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की गेले नऊ महिने आम्ही सगळे पानांवरून, रंगांवरून, धुतल्यावर रंग जाईल की नाही यावरून भांडत होतो. या कपड्यात कोणाचातरी मुलगा असणार. आणि त्याला शोधत जो येईल तो त्याला जेवायला बोलावणार नाही.

"आत्या."

दहा पावलांवर होता. माझ्या समोर, एका वाकड्या कुड्याच्या झाडाला पाठ टेकवून, पूर्ण वेळ. मी दोनदा त्याच्याकडे बघून पुढे गेले होते.

"दिसलो नाही ना?" राखेतून दात दिसत होते. इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "खरं सांग, अजिबात दिसलो नाही ना? आता वीस पावलांवरून करू. तू तिकडे त्या उंचवट्यावर उभी राहा."

मी पदराने त्याचं तोंड पुसायला लागले. राख निघता निघत नव्हती.

"पुरे," मी म्हणाले. "कपडे काढ ते. घरी चल."